अव्वांना घेऊन अंदमानला: आमचं बेट कसं ठरलं

दिवाळीनंतर दुकान दोन-अडीच आठवडे बंद ठेवायचं, असं ह्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, तेव्हा आमच्या मयूरीनं हातातला घास तसाच धरून विचारलं, "पप्पा, तुम्हाला बरं नाही का?"

तिचंही चुकलं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. ते अमावस्येला अर्धा दिवस आणि दसऱ्याला पूजेपुरतं बंद असतं, एरवी नाही. त्यात दोन हजार पाचचा पूर आला. नदीकाठच्या गावांतल्या मोटारी दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिल्या आणि नंतर ट्रॅक्टर भरभरून आमच्या दारात आल्या. गाळानं भरलेल्या, आत बेडकं घेऊन आलेल्या. वर्षभर हे रविवारीसुद्धा घरात दिसले नाहीत. मग पुढच्या पावसाळ्यात "मला आता एक लांबलचक सुट्टी पायजे, समुद्राकडं जाऊ" असं त्यांच्या तोंडून आलं, तेव्हा मी शाळेतली शिक्षिका असूनही सुट्टी ह्या शब्दाचा अर्थ क्षणभर विसरले.

समुद्र म्हटल्यावर गोवा किंवा गणपतीपुळे. पण आमचा धाकटा, चौथीतला सोमू, भूगोलाच्या पुस्तकात बेट शिकला होता. चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागेत झोपायचं, एवढा एकच हट्ट त्यानं धरला. मयूरीनं आठवीचा नकाशासंग्रह काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची बेटांची निवड सुरू झाली. आमच्यासारखं कुणी निवडायला बसलं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं सांगते.

शाहूपुरीतल्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं मॉरिशस गळ्यात मारायचा जोरदार प्रयत्न केला. फोटो बघून जीव जडला आमचा. पण पाच पासपोर्ट काढायचे आणि सासूबाईंच्या जन्माचा दाखला शोधायचा, म्हणजे दिवाळी नव्हे, शिमगा उजाडला असता. मालदीवचा खर्च ऐकून हे नुसतेच हसले. श्रीलंकेत तेव्हा लढाई चालली होती. लक्षद्वीप मला फार आवडलं होतं, पण परवाना काढा, कोचीहून जहाजानं जा आणि चार-पाच दिवसांत परत या, असा तो प्रकार. लांब सुट्टीला ते पुरेना. राहिलं अंदमान. पासपोर्ट नको, हिंदी चालतं, पोर्ट ब्लेअरला मोठं सरकारी रुग्णालय आहे आणि तमिळ माणसांमुळं शाकाहारी जेवण मिळतं. त्सुनामीला दोन वर्षं होत आली होती, पण शेजारच्या प्रत्येकानं आम्हाला तिची आठवण करून दिलीच.

पण खरी अडचण नकाशात नव्हती. ती होती आमच्या अव्वा.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही लिंगायत, सासरचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. तिकडं कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून आईला अव्वा आणि आजीला अज्जी. अव्वा गावातच एकट्या राहायच्या, दोन म्हशी आणि परसातली केळी सांभाळत. दोन हजार पाचला पाणी चढलं तेव्हा त्यांनी घर सोडलं नाही. दरसाल वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीला, देवळात पाणी येतं, तसंच हेही येईल आणि जाईल असं त्यांना वाटलं. ते घरात शिरलं. शेजारपाजारच्या बायकांबरोबर त्या माडीवर आणि तिथून स्लॅबवर चढल्या. तिथंच दिवस काढले. शेवटी जवानांची बोट आली आणि त्यांना घेऊन गेली. म्हशी वाचल्या नाहीत.

तेव्हापासून त्या आमच्याकडं कोल्हापुरात होत्या. पाणी बघितलं की तोंड फिरवायच्या. रंकाळ्यावर फिरायला चला म्हटलं तरी "नगं" म्हणायच्या. आणि मुलाशी सरळ बोलायच्या नाहीत. "सुमा, त्याला सांग, गिरणीचा पट्टा बदलायला आलाय." हा ‘त्याला’ म्हणजे माझा नवरा, मल्लिकार्जुन, समोरच बसलेला असायचा. पुरात स्लॅबवर बसून त्या मुलाची वाट बघत होत्या आणि मुलगा आला नाही, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं होतं. ह्यांनी एकदा सांगायचा प्रयत्न केला, तर "ऱ्हाऊ दे, कळलं" म्हणून उठून गेल्या. ह्यांचा स्वभाव असा, की दुसऱ्यांदा सांगायला गेले नाहीत.

त्यामुळं अंदमानचं नाव निघालं तेव्हा अव्वांनी शेंगा फोडता फोडता आपलं मत दिलं. "बेटच बगायचं हाय न्हवं? मालवणाला किल्ला हाय की पाण्यात. सकाळी जायाचं, सांजच्याला घरी."

मुलं हसून लोळली. हे मात्र हसले नाहीत. आत येऊन मला म्हणाले, "अव्वा येणार नसेल तर कुठलंच बेट नको. तिला एकटीला टाकून मी परत कुठं जाणार नाही."

मी आठवडाभर गप्प राहिले. मग एका शनिवारी अव्वांना घेऊन एस.टी.नं वाडीला गेले. पेढे घेतले, दर्शन झालं. घाटाच्या वरच्या पायरीवर त्या बसल्या. खाली संगमाचं पाणी शांत होतं. मी काही लपवलं नाही. म्हटलं, "अव्वा, विमान आहे, नंतर बोट आहे. बोटीशिवाय तिथं जाता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही गोव्याला जातो, तुम्हालाही नेतो. पण ह्यांच्या मनात आहे, तुम्ही हो म्हणावं."

त्यांनी खूप वेळ पाण्याकडं न बघता समोरच्या पिंपळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पोरांचं मन कशापायी मोडायचं? येतो मी. पर पाण्यात पाय घालणार न्हाय. आन् माशाच्या भांड्यातलं काय खाणार न्हाय."

(आमच्या भागात बायकाही "येतो, जातो"च म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.)

बसमध्ये परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं की जयसिंगपूर कधी गेलं कळलं नाही.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी निघालो. मिरजेहून बंगळूरची रेल्वे, तिथून सकाळच्या गाडीनं चेन्नई, एक मुक्काम आणि पहाटेचं विमान. चेन्नईहून जहाजही जातं, पण त्याला तीन-चार दिवस लागतात. अव्वांना घेऊन ते शक्यच नव्हतं. विमानाची तिकिटं लवकर काढली तर बऱ्यापैकी स्वस्त पडतात. दिवाळीच्या तोंडावर काढाल तर नुसतं बघत बसाल. सामानात एक अख्खी पिशवी अव्वांची होती: जोंधळ्याच्या कडक भाकऱ्यांची चळत, शेंगदाण्याची चटणी, गूळ, विभूती. विमानतळावर तपासणाऱ्या बाईनं भाकरी उचलून उन्हात धरल्यासारखी बघितली आणि विचारलं, "ये क्या है?" अव्वांनी तिला एक तुकडा मोडून दिला. तिनं इकडं-तिकडं बघून तोंडात टाकला आणि आम्हाला पुढं सोडलं.

विमानात सगळ्यांचीच पहिली वेळ. अव्वा खिडकीशी बसायला तयार नव्हत्या, मग मधल्या खुर्चीत डोळे मिटून, गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसल्या. ढगांतून खाली हिरवे ठिपके दिसायला लागले तसा सोमू ओरडला, "अज्जी, बेटं!" अव्वांनी एक डोळा उघडला, "हं" म्हणाल्या आणि परत मिटला.

पोर्ट ब्लेअर मला आपल्या कोकणातल्या एखाद्या चढउताराच्या गावासारखं वाटलं. फक्त बाजारात तमिळ, बंगाली, तेलुगू, हिंदी सगळं एकदम कानावर येतं. अॅबर्डीन बाजाराजवळ एका लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. साध्या, स्वच्छ, पंखा गरगर फिरणारा. समोरच्या गल्लीत एका तमिळ कुटुंबाची शुद्ध शाकाहारी खाणावळ सापडली आणि माझा मोठा घोर मिटला. केळीच्या पानावर भात, सांबार, दोन भाज्या, पापड, ताक. अव्वांनी मालकिणीला कानडीत काहीतरी विचारलं, तिनं तमिळमध्ये काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघींचं छान जमलं. काय बोलणं झालं ते दोघींनाही माहीत नसावं.

सेल्युलर जेल बघितलंच. मराठी माणूस ते चुकवत नाही. कोठड्यांच्या लांबच लांब ओळीपुढं मुलंसुद्धा आपोआप हळू बोलायला लागली. अव्वा एका कोठडीत जाऊन वरच्या झरोक्याकडं बघत उभ्या राहिल्या. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "समुद्राचा आवाज येतोय आत. दिसत मात्र न्हाय."

तिथं चार-पाच दिवस आरामात काढले. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सूर्य तिकडं फार लवकर मावळतो. पाचच्या सुमाराला अंधार पडायला लागतो, म्हणून दिवस पहाटे सुरू करा. आणि मोबाईल सरकारी कंपनीचा असेल तरच लागतो. आमचे दोन्ही मुके झाले होते. बेटांवर तर एस.टी.डी. बूथशिवाय गत्यंतर नव्हतं. रोख पैसेही पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा.

मग हॅवलॉक बेटाला जायच्या बोटीची पाळी आली. सरकारी बोटीचं तिकीट स्वस्त, पण खिडकीवर ओळखपत्र घेऊन आदल्या दिवशी रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांगेत स्थानिकांना आधी. त्यात चूक काही नाही. त्यांची ती एस.टी.च आहे. कोंबड्या, तांदळाची पोती, नवीन सायकल, सगळं बोटीत चढतं. धक्क्यावर अव्वा थांबल्या. फळीखाली पाणी हलत होतं. हे पुढं झाले आणि त्यांनी हात पुढं केला. अव्वांनी त्यांच्या हाताकडं बघितलं आणि माझं मनगट धरलं. मी त्यांना आत घेऊन गेले. सगळा प्रवास त्यांनी खालच्या दालनात काढला. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. वर मुलं उडणारे मासे बघून किंचाळत होती. हे मात्र कठड्याला टेकून कुठंच न बघता उभे होते.

पण हॅवलॉकनं आम्हाला जिंकलं. तिथं गावांना आणि किनाऱ्यांना आकडे आहेत. तीन नंबरला बाजार, पाच नंबरला बांबूच्या झोपड्या, सात नंबरला राधानगरचा किनारा. आम्ही पाच नंबरला दोन झोपड्या घेतल्या. गादीवर मच्छरदाणी, दाराबाहेर नारळाची झाडं आणि पन्नास पावलांवर समुद्र. भाडं लॉजपेक्षाही कमी. जेवण सांगून करून घ्यायचं. तिथला बंगाली आचारी अव्वांसाठी वेगळ्या पातेल्यात डाळ करायचा, आणि पातेलं मी स्वतः घासून द्यायची. राधानगरच्या पांढऱ्या वाळूवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला काही सुचलंच नाही. मागं उंचच उंच झाडं, समोर निळं, मग हिरवं, मग काचेसारखं पाणी. अव्वा झाडाखाली समुद्राकडं पाठ करून बसल्या. पण गेल्या नाहीत, बसून राहिल्या.

आता मुख्य गोष्ट.

तिथल्या मुक्कामात एका सकाळी हे दोन्ही मुलांना घेऊन एलिफंट बीचला निघाले. तिथं उथळ पाण्यात प्रवाळ दिसतात. धक्क्यावरून लहान मोटारबोटी जातात, त्यांना तिकडं डुंगी म्हणतात. बोटीत कलकत्त्याचं एक जोडपंही होतं. आकाश स्वच्छ. दुपारच्या जेवणाला परत येतो म्हणाले. मी अव्वांजवळ थांबले. त्या भाकरीचा चुरा करून कावळ्यांना घालत होत्या.

सकाळ सरायच्या आधीच वारा फिरला. आधी नारळाच्या झावळ्या एका बाजूला झुकल्या, मग दक्षिणेकडून काळं आभाळ असं पळत आलं, की मी दोरीवरचे कपडे काढेपर्यंत पाऊस अंगावर. आपल्याकडच्या वळवासारखा येऊन जाईल असं वाटलं. गेला नाही. समुद्र राखाडी झाला आणि पांढऱ्या लाटा उठायला लागल्या. जेवणाची वेळ झाली, टळली.

मी अव्वांना म्हटलं, "तुम्ही इथंच थांबा, मी धक्क्यावर बघून येते."

अव्वा पदर खोचून आधीच उठल्या होत्या. "रिक्षा बग."

धक्क्यावरच्या कचेरीतल्या माणसानं सांगितलं, की सकाळी गेलेली एक डुंगी परत आलेली नाही, बाकीच्या निघाल्याच नव्हत्या. तिकडं फोन नाही. "उधर किनारे पे रुके होंगे, मॅडम. समुंदर ठंडा होगा तो आएंगे." तो शांतपणे बोलत होता. पण खिडकीतून बाहेर बघत होता, माझ्याकडं नाही.

धक्क्याच्या तोंडाशी पत्र्याखाली चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर आम्ही दोघी बसलो. समोर नुसतं पाणी. पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा, की ओरडून बोलावं लागत होतं. चहावाल्या बाईनं न मागता दोन ग्लास ठेवले.  माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, सोमूला पोहता येत नाही. मयूरीला थोडं येतं, सोमूला नाही.

आणि ज्या अव्वा रंकाळ्याकडं तोंड फिरवायच्या, त्या पाण्यावरून नजर काढत नव्हत्या. पापणीसुद्धा लवत नव्हती. बराच वेळ गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "सुमा, तवा त्यो कुठं हुता?"

मला आधी कळलंच नाही. "कोण?"

"मल्लू. पुरात. मी वर बसलो हुतो तवा."

सव्वा वर्षात त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी ग्लास खाली ठेवला. "शिरोळच्या पुढं, अव्वा. रस्ता जिथं पाण्याखाली गेला होता, तिथं. जीपनं जेवढं जाता आलं तेवढं गेले आणि पाण्याच्या कडेला थांबले. दोन दिवस तिथंच. ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून त्यात बसून निघाले होते, पोलिसांनी ओढून बाहेर काढलं. एकदा नाही, दोनदा. फोन लागत नव्हता. मी डबा घेऊन गेले तर जेवले नाहीत. बोटीतून आलेल्या प्रत्येक माणसाला तुमचं नाव सांगून विचारत होते."

अव्वांनी न प्यायलेला ग्लास बाकावर ठेवला.

"तुम्हाला जवानांनी दुसऱ्या बाजूनं काढलं, कुरुंदवाडाकडनं. हे इकडं उभे होते. तुम्ही तिकडच्या शाळेतल्या छावणीत पोचल्याचं ह्यांना दुसऱ्या दिवशी कळलं."

"मला का न्हाय सांगितलं?"

"सांगायला आले होते. तुम्ही उठून गेलात."

पाऊस तसाच पडत होता. अव्वांनी पदरानं तोंड पुसलं. ते पावसाचं पाणी होतं की काय, मी बघितलं नाही. मग त्या माझ्याकडं न वळता म्हणाल्या, "स्लॅबावर मला भ्या वाटलं न्हवतं इतकं. आपण आत असलो की कळतंय तरी, जित्तं हाय म्हणून. हे काठावर बसणं लई वंगाळ हाय, सुमा."

मी त्यांचा हात धरला. ह्या वेळी मी धरला.

प्रकाश कमी व्हायला लागला होता. अंधार लवकर पडतो म्हणून वर लिहिलं, ते त्या दिवशी मला मिनिटामिनिटाला जाणवत होतं. कचेरीतला माणूस दोनदा बाहेर येऊन समुद्राकडं बघून गेला. चहावाली बाई बंगालीत काहीतरी पुटपुटत हात जोडत होती. आम्ही दोघी समोरच्या पाण्यात एक ठिपका शोधत होतो. कुठलीही लाट मला बोट वाटायची.

आणि मागून हाक आली. "अज्जी!"

समुद्राकडून नाही, बाजाराच्या रस्त्याकडून. आम्ही वळलो. नारळ वाहणाऱ्या एका लहान ट्रकच्या हौद्यात सोमू उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, एका पायात चप्पल, आणि तोंडभर हसू. त्याच्या मागं मयूरी, तिच्या खांद्यावर कुणाचातरी टॉवेल. आणि शेवटी हे. फळीला धरून खाली उतरत होते, गुडघ्यापर्यंत काळा गाळ, शर्टाची एक बाही फाटलेली. कलकत्त्याचं जोडपंही होतं, तेवढंच माखलेलं.

झालं होतं असं. आभाळ बघून डुंगीवाल्यानं बोट किनाऱ्यावर ओढली आणि स्पष्ट सांगितलं, आज परत पाण्यात घालणार नाही. त्या किनाऱ्यावरून जंगलातून एक पायवाट राधानगरच्या रस्त्याला येते. उन्हाळ्यात तासाभराची सुद्धा नाही म्हणतात. पण पावसात तिचा ओढा झाला होता, त्सुनामीत पडलेली झाडं आडवी, आणि खारफुटीच्या खाजणातला चिखल. सोमूला पाठीवर घेऊन ह्यांनी ती वाट काढली. धक्क्यावर आम्हाला त्या वाटेबद्दल कुणी बोललं नाही, कारण अशा पावसात लेकरं घेऊन तिकडून कुणी येत नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर हा नारळाचा ट्रक भेटला.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी दोन्ही मुलांना आवळून रडत होते आणि मयूरी म्हणत होती, "मम्मी, दुखतंय."

अव्वा मुलाकडं गेल्या. आधी त्यांनी ह्यांच्या दंडावर एक जोरात चापट मारली. आवाज पत्र्यावरच्या पावसातही ऐकू आला. मग पदर घेऊन ह्यांच्या गालावरचा चिखल पुसायला लागल्या, सोमूचा पुसावा तसा, दाबून दाबून.

"मल्लू," त्या म्हणाल्या, "वाळली कापडं घाल आधी. सर्दी हुईल."

पंचेचाळिशीचा माझा नवरा पावसात तसाच उभा राहिला. "व्हय, अव्वा," म्हणाला.

चहावाल्या बाईनं सगळ्यांना चहा दिला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. कचेरीतला माणूस बाहेर येऊन सगळ्यांना एकदा बोटानं मोजून आत गेला, आणि आम्हाला त्याच्या रेडिओचा आवाज मोठा झालेला ऐकू आला.

पुढचे दोन दिवस बोटी बंदच होत्या. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. झोपडीच्या ओसरीवर बसून पत्ते खेळलो, डाळ-भात खाल्ला, मयूरीनं चिखलातल्या वाटेची गोष्ट रोज थोडी वाढवून सांगितली. अव्वा आणि हे एका बाकावर बसून गावातल्या घराबद्दल बोलायचे. कुठली भिंत उतरवायची, जोत्याची उंची किती करायची, म्हैस परत घ्यायची का. साधंच बोलणं, पण मधे मी नव्हते. मी आत मच्छरदाणीत पडून ते ऐकायची आणि झोपून जायची. पुरापासून एवढी झोप मला लागली नव्हती.

ऊन पडलं तशी परतीची बोट धरली. त्या वेळी अव्वा वर डेकवर आल्या. पाण्याकडं बघायला आल्या असं म्हणणार नाही. खाली डिझेलचा वास येतो म्हणाल्या. समुद्रात पाय त्यांनी शेवटपर्यंत घातला नाही. त्यांना पाण्याची भीती अजून आहे आणि ती राहील, असं मला वाटतं.

घरी येऊन आता बरेच महिने झाले. "कुठलं बेट निवडू?" असं ओळखीतलं कुणी विचारलं की मी अंदमानच सांगते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर पोर्ट ब्लेअरला जास्त दिवस ठेवा. हॅवलॉकला कमीत कमी चार मुक्काम करा, आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे सोडा, कारण समुद्र तुमचं तिकीट बघत नाही. एलिफंट बीचला जाणार असाल तर बोटवाल्याला आधी विचारा, हवा बदलली तर काय करणार? आमच्या बोटवाल्यानं बोट बाहेर काढली नाही, म्हणून मी हे लिहायला बसू शकले.

फोटो फार कमी आले. कॅमेरा त्या चिखलातच गेला.

संक्रांतीनंतर अव्वा गावाकडं राहायला गेल्या. घराची डागडुजी झाली, एक म्हैस आली. आम्ही सगळ्यांनी नको म्हणून बघितलं, पण त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हेत. त्यामुळं ह्या जुलैत पाऊस लागून राहिला आणि धरणाचं पाणी सोडणार अशी बातमी आली, तेव्हा मी शाळेत वर्गावर होते आणि माझं लक्ष फळ्यावर नव्हतं. हे सकाळीच दुकान कामगारावर सोपवून जीप घेऊन निघाले होते. रस्ते अजून उघडे होते.

दुपारी त्यांचा फोन आला. अव्वा जीपमध्ये बसल्या आहेत, म्हैस पाव्हण्यांच्या गोठ्यात उंचावर बांधली, निघालोय.

"काही बोलल्या का?" मी विचारलं.

 मागून जीपच्या वायपरचा आवाज येत होता.

"बोचकं बांधून दारातच बसली होती," ते म्हणाले. "कुलूपसुद्धा लावून झालं होतं. मी म्हटलं, अव्वा, निरोप तर दिला नव्हता मी, तुला कसं कळलं येणार म्हणून? तर म्हणाली, त्यात काय कळायचंय? येणार तर हुतासच की."